उत्तर देणारी वही : सेनेकाच्या रात्रीपासून चॅटबॉटपर्यंत (थ्रेड 🧵)

१/
१९६०च्या दशकाचा मध्य. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एमआयटी. प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरी टंकयंत्रासारख्या टर्मिनलसमोर बसून एका संगणकप्रणालीशी संवाद साधत होत्या. ही प्रणाली प्राध्यापकांनी स्वतः रचली होती आणि तिच्यावर चाललेले काम त्या कित्येक महिने पाहत आल्या होत्या. आपण एका प्रोग्रॅमशी बोलत आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तरीही मोजक्याच वाक्यांची देवाणघेवाण झाल्यावर त्यांनी प्राध्यापकांना विनंती केली : आपण जरा खोलीबाहेर जाल का?

२/
त्या प्रणालीचे नाव ‘एलायझा’. आज असंख्य माणसे चॅटबॉटला सकाळी दिवसाचे वेळापत्रक आखायला सांगतात, दुपारी कंटाळा आल्याची तक्रार करतात आणि रात्री ‘आजही काही झाले नाही’ अशी कबुली देतात. ही सवय नवी वाटते. परंतु आपल्या आळसाशी, चुकांशी आणि संकल्पांशी बोलण्यासाठी बाहेर एखादे साधन उभे करण्याची मानवी परंपरा किमान २,००० वर्षांची आहे. १९६६ मध्ये त्या परंपरेत एकच गोष्ट बदलली. साधन उत्तर देऊ लागले. या थ्रेडमध्ये त्या बदलाचा इतिहास.

३/
आरंभ रोममध्ये करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील तत्त्वज्ञ सेनेका याने क्रोधाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एका सवयीचे वर्णन केले आहे. ही सवय त्याने सेक्स्टियस नावाच्या तत्त्वज्ञाकडून घेतली होती. रात्री दिवा दूर नेला जाई, पतीची सवय ठाऊक असलेली पत्नी मौन धारण करी आणि सेनेका आपला संपूर्ण दिवस तपासायला बसे. तो स्वतःपासून काही लपवत नसे. आपण रोज आपल्याच न्यायासनापुढे आपला खटला चालवतो, अशा अर्थाची उपमा त्याने वापरली आहे. आरोपीही तोच, न्यायाधीशही तोच.

४/
पुढच्या शतकात हेच काम लेखणीने झाले. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस (इ.स. १२१–१८०) डॅन्यूब नदीच्या सीमेवरील मोहिमांच्या काळात ग्रीक भाषेत स्वतःसाठी टिपणे लिहीत होता. पुढे हीच टिपणे ‘मेडिटेशन्स’ या नावाने जगाला परिचित झाली. त्यांतील पाचव्या भागाचा प्रारंभ कोणाही विद्यार्थ्याला ओळखीचा वाटेल : सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा मनाला काय सांगावे? अफाट साम्राज्याचा धनीही उबदार पांघरुणाशी हुज्जत घालत होता. त्या हुज्जतीत दोन्ही बाजू त्यानेच मांडल्या.

५/
महाराष्ट्राला ही पद्धत अपरिचित नाही. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी मनालाच श्रोता मानून २०५ श्लोक रचले. ते आजही घरोघरी पाठ केले जातात. दासबोधात तर उठण्यापासून लेखन-वाचनापर्यंतच्या दिनक्रमाची शिकवण आहे, प्रयत्नाची महती आहे आणि सुवाच्य अक्षर कसे काढावे याचे मार्गदर्शनही आहे. तुकोबांनी वनातील एकांताचे वर्णन करताना आपल्याच मनाशी चालणाऱ्या संवादाचा निर्देश केला. श्लोक म्हणणाऱ्याला श्लोक उलट काही विचारीत नाही. ‘मना’ अशी हाक मारली, की तिला ‘ओ’ देण्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावरच पडते.

६/
या परंपरेला कोष्टकाचे रूप दिले ते फिलाडेल्फियाच्या एका तरुण मुद्रकाने. बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–१७९०) पंचविशीच्या आसपास असताना त्याने नैतिक पूर्णत्व गाठण्याचा धाडसी संकल्प केला. त्यासाठी गुणांची यादी तयार केली : मिताहार, मौन, सुव्यवस्था, निश्चय, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा, न्याय, संयम, स्वच्छता, शांतचित्तता, शुचिता आणि नम्रता. मूळ यादीत बाराच गुण होते. ‘लोक तुला गर्विष्ठ समजतात’ असे एका क्वेकर मित्राने स्पष्ट सांगितल्यावर तेरावा गुण, नम्रता, यादीत आला. हा तपशील ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण वहीला जे दिसले नव्हते, ते मित्राला दिसले.

७/
फ्रँकलिनची पद्धत काटेकोर होती. एका छोट्या वहीत प्रत्येक पानावर तांबड्या शाईने सात उभे रकाने आखले, वारांचे. आणि तेरा आडव्या ओळी, गुणांच्या. ज्या गुणाच्या बाबतीत चूक घडेल, त्याच्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला एका गुणाकडे विशेष लक्ष पुरवायचे. तेरा आठवड्यांत एक आवर्तन पूर्ण होई आणि वर्षात अशी चार आवर्तने होत. आजच्या प्रत्येक ‘हॅबिट ट्रॅकर’ ॲपचा पूर्वज या वहीत सापडतो. फरक इतकाच, की ॲप यशाची खूण करते. फ्रँकलिन चुकीची करीत असे.

८/
पुढे एक व्यावहारिक अडचण आली. जुने ठिपके खरवडून नवे आवर्तन सुरू करता करता वहीच्या पानांना भोके पडू लागली. मग फ्रँकलिनने कोष्टक हस्तिदंती पानांच्या टिपणवहीवर उतरवले. रेघा पक्क्या तांबड्या, ठिपके शिसपेन्सिलीचे. ओल्या स्पंजने पुसले, की पान पुन्हा कोरे. त्याच वहीत दिवसाची आखणीही होती : पहाटे पाचला उठल्यावर एक प्रश्न, आज कोणते चांगले काम करायचे? आणि रात्री दुसरा, आज कोणते चांगले काम केले? वहीत प्रश्न लिहिलेले होते. उत्तराची जागा रोज नव्याने भरावी लागे.

९/
या प्रयोगाचा शेवट कसा झाला, हे फ्रँकलिनने आत्मचरित्रात मोकळेपणाने नोंदवले आहे. ‘सुव्यवस्था’ या गुणाने त्याला सर्वाधिक छळले आणि त्यात तो कधीच पुरेसा सुधारला नाही. इथे तो एक गोष्ट सांगतो. एका माणसाला आपली कुऱ्हाड धारेइतकीच सगळीकडे चकचकीत हवी होती. लोहार म्हणाला, करून देतो. मात्र धार लावण्याचे चाक तू फिरवायचे. चाक फिरवणे भलतेच कष्टाचे निघाले. दमून तो गडी कुऱ्हाड तशीच मागू लागला. लोहार म्हणाला, फिरवत राहा, अजून ती ठिपक्याठिपक्यांचीच आहे. त्यावर त्याचे उत्तर होते : मला ठिपक्यांची कुऱ्हाडच अधिक आवडते!

१०/
ही गोष्ट फ्रँकलिनने स्वतःवरच उलटवली आहे. थकवा आला, की माणसाची बुद्धी ‘आहे तेच उत्तम’ असे समर्थन तत्काळ शोधून देते, हे त्याने जाणले होते. तरीही वयाच्या ७९व्या वर्षी लिहिताना त्याचा निष्कर्ष असा, की पूर्णत्व कधी लाभले नाही. पण प्रयत्नामुळे आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालो. चाक त्याने स्वतः फिरवले होते, म्हणूनच कुऱ्हाडीवर किती ठिपके उरले, हेही त्याला नेमके ठाऊक होते.

११/
विसाव्या शतकाच्या आरंभी ‘उत्पादकता’ या कल्पनेला वेगळे वळण लागले. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये शास्त्रीय व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रसिद्ध उदाहरण ‘श्मिट’ या टोपणनावाच्या मजुराचे आहे. दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहणारा हा मजूर टेलरच्या पद्धतीने ४७ टन वाहू लागला, असा दावा होता. उचल म्हटले की उचलायचे, बस म्हटले की बसायचे आणि उलट बोलायचे नाही, ही अट. पुढच्या संशोधकांनी या कथेतील तपशिलांवर गंभीर शंका घेतल्या. कल्पना मात्र जगभर पसरली.

१२/
टेलरच्या कल्पनेचा गाभा स्टॉपवॉचपेक्षा खोल होता. काम करणारा एक आणि कामाचा विचार करणारा दुसरा, अशी विभागणी तिच्यात होती. आखणी मजुराच्या डोक्यातून काढून नियोजन विभागाच्या टेबलावर ठेवायची. फ्रँकलिनच्या वहीत आखणारा आणि राबणारा एकच होता. टेलरच्या कारखान्यात ते दोघे झाले. ‘माझा उद्याचा दिवस आखून दे’ असे आज यंत्राला सांगितले जाते, तेव्हा फ्रँकलिन आणि टेलर हे दोन वारसे एकाच वाक्यात भेटतात. आखणी कोणाची राहते, यावर त्यांतील कोणता वारसा पुढे जाणार, हे ठरते.

१३/
याच सुमारास फ्रान्समधील नान्सी येथे एमिल कुए (१८५७–१९२६) हा औषधविक्रेता स्वयंसूचनेचा प्रसार करीत होता. आपण दिवसेंदिवस सर्व प्रकारे सुधारत आहोत, अशा आशयाचे एक वाक्य सकाळ-संध्याकाळ वीस वेळा पुटपुटायचे. मोजणीसाठी वीस गाठींची दोरी. जपमाळ ओढणाऱ्या समाजाला ही दोरी ओळखीचीच वाटावी. १९२०च्या दशकात युरोप-अमेरिकेत या पद्धतीने मोठी लोकप्रियता मिळवली. इथे हिशेब नाहीसा झाला होता. वाक्य दिवसाची चौकशी करीत नव्हते. दिवस कसाही गेला, तरी ते गोडच बोलत होते.

१४/
भारतात नेमका उलट आग्रह दिसतो. मार्च १९३० मध्ये साबरमतीहून दांडीकडे निघालेल्या सत्याग्रहींना महात्मा गांधींनी जी शिस्त घालून दिली, तिच्यात प्रार्थना आणि सूतकताईबरोबर रोजनिशीचाही समावेश होता. दिवसभराच्या पायपिटीनंतर थकलेल्या माणसाने कागदापुढे बसून स्वतःला जाब द्यावा, ही अपेक्षा साधी नव्हती. सेनेकाचा दिवा, फ्रँकलिनचे कोष्टक आणि सत्याग्रहीची रोजनिशी यांचे कूळ एकच : नोंद प्रामाणिक असेल तरच ती उपयोगी, आणि ती प्रामाणिक आहे की नाही, हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक.

१५/
आता पुन्हा एमआयटीकडे. वायझेनबाउम यांनी जानेवारी १९६६ मध्ये एलायझाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. हे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील एलायझा डूलिटलवरून घेतलेले. फुले विकणारी ही मुलगी उमरावांसारखे बोलायला शिकते. मराठी रसिकांना ती परकी नाही, पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’तील मंजुळा ही तिचेच मराठी रूप. बोलणे शिकवले की माणूस बदलतो का, हा नाटकातील प्रश्न. बोलणे शिकवले की यंत्र माणूस वाटते का, हा प्रयोगशाळेतील.

१६/
एलायझाचे तंत्र थक्क व्हावे इतके साधे होते. समोरच्याच्या वाक्यात एखादा मुख्य शब्द शोधायचा, वाक्याचे तुकडे करायचे, ‘मी’च्या जागी ‘तुम्ही’ ठेवायचे आणि तयार साच्यात ते तुकडे ओतून परत करायचे. मराठीत उदाहरण घ्यायचे तर, ‘माझा अभ्यास कधीच पूर्ण होत नाही’ या वाक्यावर ‘तुमचा अभ्यास कधीच पूर्ण होत नाही, असे तुम्हांला का वाटते?’ मुख्य शब्द सापडलाच नाही, तर ‘पुढे बोला’ अशा धर्तीचा प्रतिसाद. किंवा मघाशी साठवून ठेवलेले एखादे वाक्य पुन्हा उकरून काढायचे. विचारणाऱ्याला वाटे, याने लक्षात ठेवले!

१७/
मराठीत ही युक्ती इतक्या सहजी साधली नसती, हेही नोंदवण्याजोगे. इंग्रजीत बव्हंशी सर्वनामांची अदलाबदल पुरेशी होते. ‘मी थकलो’ आणि ‘मी थकले’ यांचे ‘तुम्ही थकलात’ होताना क्रियापदाचा प्रत्ययच बदलतो. विभक्ती, लिंग आणि आदरार्थी रूपे सांभाळायची, तर नियमांची संख्या बरीच वाढवावी लागली असती. एलायझाच्या यशात इंग्रजी व्याकरणाचाही वाटा होता.

१८/
एलायझाची सर्वांत गाजलेली भूमिका ‘डॉक्टर’ या नावाची होती. मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत उपचारक सल्ला देण्याऐवजी रुग्णाचे बोलणे त्याच्यापुढे परत ठेवतो. त्या पद्धतीची ही नक्कल. वायझेनबाउम यांनी ही भूमिका निवडली, त्याला कारण होते. जगाविषयी काहीही ठाऊक नसल्याचा आव आणूनही ज्यात संभाषण चालू राहते, असा हा दुर्मीळ प्रकार. यंत्राचे अज्ञान उपचारकाच्या संयमाखाली झाकले गेले. यंत्राची कार्यपद्धती उलगडून सांगितली, की त्याची जादू ओसरते, असे त्यांनी निबंधाच्या प्रारंभीच सुचवले होते. सेक्रेटरीच्या विनंतीने ही अपेक्षा खोटी ठरवली.

१९/
आणखी एक प्रसंग घडला. लोकांनी एलायझाशी केलेली संभाषणे नंतर तपासता यावीत, अशी व्यवस्था करण्याचे वायझेनबाउम यांनी सुचवले. तत्काळ आक्षेप आले : हे तर लोकांच्या अगदी खाजगी विचारांवर पाळत ठेवणे झाले! ज्या यंत्रापाशी समज नावाची वस्तूच नव्हती, त्याच्यापाशी माणसांनी अंतरंग उघडे केले होते. मार्कस ऑरेलियसची टिपणे कोणी चोरून वाचली असती, तर ती चोरी ठरली असती. इथे वहीचा निर्माताच तिचा वाचक होऊ शकत होता. चॅटबॉटशी झालेले बोलणे कोठे साठते आणि कोण वाचते, हा आजचा प्रश्न तेव्हाच जन्मला.

२०/
इतरांना मात्र यात मोठी संधी दिसली. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच संगणकीय मानसोपचाराची कल्पना मांडली. तज्ज्ञांचा तुटवडा असलेल्या रुग्णालयांत एक संगणक तासाला कित्येक शे रुग्णांना प्रतिसाद देऊ शकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९७५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी टेलिफोन बूथसारख्या संगणकीय उपचारकेंद्रांच्या जाळ्याची कल्पना केली. या मंडळींना निष्काळजी म्हणता येणार नाही. मदतीची गरज खरी होती आणि मदत करणारी माणसे खरोखरच कमी होती. आजही तो युक्तिवाद तितकाच सबळ आहे.

२१/
वायझेनबाउम मात्र अस्वस्थ झाले. त्यांची पार्श्वभूमी इथे दुर्लक्षिता येत नाही. १९२३ मध्ये बर्लिनमधील ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३६ मध्ये नाझी जर्मनी सोडून हे कुटुंब अमेरिकेत आले, तेव्हा जोसेफ तेरा वर्षांचा होता. १९७६ मध्ये त्यांनी संगणकाची शक्ती आणि मानवी विवेक यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या उपशीर्षकाचा आशय होता : निवाड्याकडून गणनेकडे. गणना यंत्र करू शकते; निवाडा हा अनुभव, मूल्ये आणि जबाबदारी असलेल्या माणसाचा. काही कामे यंत्राला जमली, तरी त्याच्याकडे सोपवू नयेत, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याच निर्मितीविरुद्ध इतक्या सातत्याने बोललेला संशोधक विरळाच.

२२/
माणसे यंत्राशी माणसासारखी का वागतात, याचा पुढे पद्धतशीर अभ्यास झाला. स्टॅनफर्डचे क्लिफर्ड नॅस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एका संगणकावर काम केल्यावर त्याच्या कामगिरीविषयी त्यांचे मत विचारण्यात आले. त्याच संगणकाने विचारले, तेव्हा मते अधिक अनुकूल आली. दुसऱ्या संगणकावर किंवा कागदावर विचारले, तेव्हा अधिक टीकात्मक. तोंडावर वाईट बोलू नये, हा शिष्टाचार माणसे पेटीलाही लावत होती! सेक्रेटरीचे वागणे भोळेपणाचे नव्हते. ते सर्वसामान्य मानवी वागणे होते.

२३/
त्यानंतरचा टप्पा वेगाने आला. बंगळुरूत वायसा आणि २०१७ मध्ये अमेरिकेत वोबॉट या मानसिक स्वास्थ्यासाठीच्या संवादप्रणाली पुढे आल्या. वोबॉटची उत्तरे तज्ज्ञांनी आधी लिहून ठेवलेली असत. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि पूर्वलिखित उत्तरांची मर्यादाच उरली नाही. ही प्रणाली प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित झालेली; ती प्रबंधाचे टप्पे पाडून देते, अवघड पत्राचा मसुदा करते, ‘सुरुवात कशी करू’ या प्रश्नावर पहिले पाऊल सुचवते, आणि तेही मराठीत. एलायझाच्या रिकाम्या प्रतिध्वनीशी तिची तुलना करणे अन्यायाचे ठरेल.

२४/
मात्र एक जुना धोका नव्या रूपात परतला. अशा प्रणालींना घडवताना माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांना बक्षीस मिळते, आणि माणसांना आपल्याशी सहमत होणारे उत्तर आवडते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीमागील एका मॉडेलची सुधारित आवृत्ती काही दिवसांतच मागे घेतली. ती वाजवीपेक्षा अधिक खुशामत करीत असल्याचे कंपनीनेच मान्य केले. कुएची वीस गाठींची दोरी आता समोरच्याचे नाव घेऊन, त्याच्या परिस्थितीचा संदर्भ देऊन, पटेल अशी कारणे पुरवून गोड बोलू शकत होती.

२५/
या ठिकाणी फ्रँकलिनची कुऱ्हाड पुन्हा आठवते. दमलेल्या माणसाला ‘ठिपक्यांचीच बरी’ हे समर्थन पूर्वी स्वतःच रचावे लागे. रचताना आपण पळवाट काढत आहोत, याची टोचणीही लागे. आता ते समर्थन मागताक्षणी, सुंदर भाषेत आणि सहानुभूतीसह तयार मिळते. लोहार स्पष्टपणे म्हणाला होता, फिरवत राहा. क्वेकर मित्राने ‘तू गर्विष्ठ आहेस’ असे तोंडावर सांगितले होते. त्या दोघांना फ्रँकलिनच्या पसंतीवर गुण मिळणार नव्हते.

२६/
म्हणून हा इतिहास चॅटबॉटच्या बाजूने किंवा विरुद्ध कौल देत नाही. साधनांचा आधार सर्वांनीच घेतला : सम्राटाने वहीचा, संताने श्लोकाचा, मुद्रकाने हस्तिदंती पानांचा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने तर टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळाचा आधार घेतला आणि त्यातून पंचवीस मिनिटांची ‘पोमोदोरो’ पद्धत जन्मली. ही सारी साधने मुकी होती. दिवस कसा गेला, हे ती सांगत नसत. म्हणून ते ज्याचे त्याला सांगावे लागे. बोलणारे साधन ती सक्ती काढून घेते. आखणी सोपवावी, मसुदा सोपवावा. निवाडा सोपवला, की सेनेकाचे न्यायालय रिकामे पडते.

२७/
या कथेला अलीकडचे एक पुरवणी-पान आहे. एलायझाच्या मूळ प्रोग्रॅमची छापील प्रत २०२१ मध्ये एमआयटीच्या अभिलेखागारात सापडली. डिसेंबर २०२४ मध्ये संशोधकांनी जुन्या संगणकाची हुबेहूब आभासी प्रतिकृती करून तीवर तो पुन्हा चालवला. अवघ्या काही शे ओळी. अर्धशतकाहून अधिक काळ वाद पेटता ठेवणारी ती जादू इतक्याच कागदांवर मावत होती. उरलेली सारी जादू टर्मिनलसमोर बसणाऱ्या माणसाने पुरवली होती.

२८/
वायझेनबाउम १९९६ मध्ये बर्लिनला परतले आणि २००८ मध्ये बर्लिनजवळ त्यांचे निधन झाले. निवाडा आणि गणना यांतील भेदाविषयी ते अखेरपर्यंत बोलत राहिले. तो भेद समजण्यासाठी त्यांचा ग्रंथच वाचायला हवा असे नाही. आज रात्री चॅटबॉटला ‘माझा दिवस कसा गेला’ असे विचारण्यापूर्वी दोन मिनिटे तोच प्रश्न स्वतःला विचारून पाहावा आणि उत्तर कागदावर लिहावे. मग दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. फ्रँकलिनच्या पानावरचा प्रत्येक काळा ठिपका त्याच्याच हाताने पडला होता. ते पान पुसण्याचा अधिकारही म्हणूनच त्याचा होता.

(थ्रेड समाप्त)